खुर्चीतून उठायचं कसं?

६.७ किलोमीटर. एवढंच अंतर धरा. वेळ एक तास. धावा, चाला, मध्ये थांबून फोटो काढा, काही हरकत नाही. फर्स्ट इयरला ट्रेकिंग ग्रुप जॉइन करून दोन महिन्यांत सोडून दिलेल्यांनाही हे जमेल. पन्नास मिनिटांत परत आलात तर उरलेली दहा मिनिटं तुमची. पाणी प्या, केळं खा, बुटातला खडा काढा. तास भरला की घंटा वाजते आणि पुन्हा तेच ६.७ किलोमीटर. मग पुन्हा. मग पुन्हा.

किती वेळा? ते कुणीच सांगत नाही. सांगता येतच नाही.

या प्रकाराला म्हणतात बॅकयार्ड अल्ट्रा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात गॅरी कँट्रेल नावाचे एक दाढीवाले गृहस्थ आहेत, सगळं जग त्यांना लॅझरस लेक किंवा नुसतं लॅझ म्हणून ओळखतं. त्यांनी आपल्या घरामागच्या जागेत ही रेस सुरू केली आणि तिला आपल्या कुत्र्याचं नाव दिलं, ‘बिग्ज बॅकयार्ड अल्ट्रा’. अंतर असं अर्धवट का, तर २४ फेऱ्या झाल्या की बरोबर १०० मैल भरतात, म्हणजे साधारण १६१ किलोमीटर. पण रेस तिथे संपत नाही. दर तासाला घंटा वाजते, जे स्टार्टलाइनवर हजर असतील ते निघतात, जे नसतील ते बाद. शेवटी एकच जण उरेपर्यंत हे चालू राहतं. तो एक विजेता. बाकी सगळ्यांच्या नावापुढे डीएनएफ, म्हणजे ‘डिड नॉट फिनिश’. दुसऱ्या नंबरवाल्याच्याही. चार दिवस धावून सर्टिफिकेटवर ‘अपूर्ण’!

ऑक्टोबर २०२३ मध्ये ही रेस १०८ तास चालली. साडेचार दिवस आणि सव्वासातशे किलोमीटर. आणि त्या साडेचार दिवसांत सलग झोप म्हणाल तर दोन फेऱ्यांच्या मधली काही मिनिटं.

आता गंमत बघा. या रेसमध्ये फेरीच्या मध्यातच कोसळून बाद होणारे असतात, वेळेत न परतणारेही असतात. पण बरेच जण वेळेत परत येतात, आपल्या तंबूसमोरच्या फोल्डिंगच्या खुर्चीत बसतात आणि पुढच्या घंटेला उठत नाहीत. घंटेच्या आधी तीन मिनिटांवर तीन शिट्ट्या होतात, दोन मिनिटांवर दोन, एक मिनिटावर एक. त्या त्यांना नीट ऐकू येतात. पाय अजून शाबूत असतात. फक्त उठणं होत नाही.

मला ही खुर्ची चांगली ठाऊक आहे. माझी निळी होती, प्लास्टिकची, एका पायाने लंगडी.

सह्याद्रीतल्या एका ५० किलोमीटरच्या रनला मी नाव दिलं होतं. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर, त्याच्या पुढचं सगळं अल्ट्रा, त्यामुळे ५० म्हणजे अल्ट्राच्या दुनियेतली बालवाडी. सहा महिने तयारी केली होती. ३६व्या किलोमीटरला हायड्रेशन पॉइंट होता. तिथे मीठ लावलेले उकडलेले बटाटे होते, चिक्की होती, कोकम सरबत होतं आणि ती खुर्ची होती. मी ‘दोनच मिनिटं’ म्हणून बसले. तिथे एक व्हॉलंटियर काकू होत्या. त्यांनी विचारलं, ‘‘कुठं दुखतंय गं?’’

‘‘सगळीकडे, काकू.’’

‘‘म्हणजे कुठंच नाही. हा बटाटा खा आणि ऊठ बरं.’’

बटाटा खाल्ला. उठले मात्र नाही. हातात अडीच तास होते, उरले होते १४ किलोमीटर. चालत गेले असते तरी जमलं असतं. पण डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, ‘कशासाठी?’ त्याचं उत्तर सापडेना. मी बिब काढून काकूंच्या हातात दिला आणि जीपमध्ये जाऊन बसले. संध्याकाळी होस्टेलवर पोहोचले तर लिफ्ट बंद. तीन मजले चढून गेले, अगदी व्यवस्थित. खोलीत गेल्यावर लक्षात आलं की चार्जर खाली मैत्रिणीकडे राहिला, तर पुन्हा खाली जाऊन वर आले. आणि तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर एकदम रडू फुटलं. हे पाय सकाळी संपले होते ना?

त्यानंतर मी याबद्दल जे मिळेल ते वाचत सुटले. त्यातलं थोडं तुम्हाला सांगते.

धावताना थकवा येतो तो नक्की कुठे, यावर शास्त्रज्ञांची जुनी भांडणं आहेत. आधीची समजूत सरळ होती: इंधन संपलं, ऑक्सिजन कमी पडला, स्नायू बंद पडले. दक्षिण आफ्रिकेचे टिम नोक्स म्हणाले, छे, मेंदू एखाद्या गव्हर्नरसारखा वर बसलेला असतो आणि शरीराचं खरोखर नुकसान होण्याच्या बरंच आधी तो ब्रेक दाबतो. सामुएले मार्कोरा या इटालियन शास्त्रज्ञाचं म्हणणं आणखी वेगळं. ते म्हणतात, गव्हर्नर वगैरे कुणी नाही, निर्णय तुम्हीच घेता. ‘हे किती जड जातंय’ आणि ‘मला हे किती हवंय’ या दोन गोष्टी तराजूत असतात. पहिलं पारडं खाली गेलं की माणूस थांबतो.

मार्कोरा यांचा २००९ मधला एक प्रयोग परीक्षेच्या सीझनमध्ये तुम्हाला फार जवळचा वाटेल. १६ जणांना एकदा ९० मिनिटं कॉम्प्युटरसमोर बसवून अक्षरं ओळखून बटण दाबायचं डोकेफोड काम दिलं आणि दुसऱ्या वेळी ९० मिनिटं साध्या डॉक्युमेंटरी दाखवल्या. दोन्ही वेळा नंतर सायकलवर बसवलं आणि दमेपर्यंत पेडल मारायला सांगितलं. डॉक्युमेंटरी बघितलेल्या दिवशी ते सरासरी ७५४ सेकंद टिकले. डोकं शिणलेल्या दिवशी ६४० सेकंद. जवळजवळ दोन मिनिटं कमी. आणि हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट वगैरे मोजलं तर या फरकाचं कारण सापडेल असं त्यात काहीच नव्हतं. शरीर तेच होतं, काम फक्त जास्त जड वाटत होतं. म्हणजे व्हायवा देऊन आल्यावर जिममध्ये ‘आज होतच नाहीये यार’ असं वाटतं ते नाटक नसतं.

याहून मजेशीर एक प्रयोग २००४ मधला. सायकलपटूंना कर्बोदकांचं, पण गोड न लागणारं पाणी दिलं. प्यायचं नाही, नुसती चूळ भरायची आणि थुंकायचं. पोटात थेंबही गेला नाही, तरी त्यांची तासाभराच्या रेसमधली वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली. तोंडाने मेंदूला निरोप दिला, ‘माल येतोय’, आणि मेंदूने लगेच हात सैल सोडला! (आपल्याकडे दमलेल्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायची रीत आहे. त्यामागे हेच आहे असं मी म्हणत नाही, पण मला आठवलं.)

तर मग या मेंदूला पटवायचं कसं? सर्वात सोपी गोष्ट म्हणजे बोलणं. २०१४ च्या एका अभ्यासात काही जणांना दोन आठवडे स्वतःशी बोलायला शिकवलं. प्रत्येकाने आपापली वाक्यं निवडली, काही सुरुवातीसाठी आणि काही शेवटच्या कठीण टप्प्यासाठी. त्यांचा सायकलवर टिकण्याचा वेळ १८ टक्क्यांनी वाढला. ज्यांना शिकवलं नव्हतं ते होते तिथेच राहिले. पुढे २०१९ मध्ये त्याच धाटणीचा आणखी एक प्रयोग झाला. त्यात बघितलं की स्वतःशी ‘मी’ म्हणून बोलणं चांगलं की ‘तू’ म्हणून. ‘मी हे करू शकतो’ आणि ‘तू हे करू शकतोस’ यात ‘तू’वाले जास्त वेगाने गेले, आणि दमणूक मात्र दोन्ही वेळा सारखीच जाणवली. मला हे वाचून त्या काकूच आठवल्या. ‘मी उठते’ असं मी मनात दहा वेळा म्हटलं होतं. ‘ऊठ गं’ असं एकदाही नाही.

एक सांगून ठेवते. हे प्रयोग थोड्या लोकांवर, लॅबमधल्या सायकलवर झालेले आहेत. बारा मिनिटांची सायकल आणि चार दिवसांचं धावणं एक नव्हे. रील्सवर ‘सायन्स म्हणतं की तुमची लिमिट फक्त डोक्यात आहे’ असं छातीठोक सांगणारे भेटतात, त्यांच्यापासून दोन हात दूरच राहा. का, ते पुढे येईलच.

ज्यांनी खरंच ही अंतरं कापली ते काय करतात? कोर्टनी डोवाल्टर हे नाव ऐकलं नसेल तर आज रात्री तिचे व्हिडिओ बघा. ही बाई आधी शाळेत सायन्स शिकवायची. लांब ढगळ शॉर्ट्स घालून धावते, चेहऱ्यावर कायम हसू. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मोआबची सुमारे ३८० किलोमीटरची रेस तिने जवळपास ५८ तासांत जिंकली. नुसत्या बायकांत नाही हं, सगळ्यांत पहिली. दुसऱ्या क्रमांकाचा पुरुष तिच्या दहा तास मागे होता. त्या सगळ्या प्रवासात तिची एकूण झोप अर्ध्या तासापेक्षाही कमी. ती म्हणते की तिच्या डोक्यात वेदनेची एक गुहा आहे. दुखायला लागलं की तिथून पळायचं नाही, हातात छिन्नी-हातोडा घ्यायचा आणि आत जाऊन गुहा आणखी खोदायची. दरवेळी गुहा थोडी मोठी होते, म्हणजे पुढच्या वेळी आत जास्त जागा. मला यातली युक्ती कळायला वेळ लागला. वेदना कमी व्हावी अशी ती वाटच बघत नाही. तिथे गेल्यावर करायला काहीतरी काम आहे, एवढंच ती स्वतःला पटवते. रिकामं डोकं ‘कशासाठी?’ विचारतं. कामात असलेलं विचारत नाही.

दुसरी पद्धत अंतराचे तुकडे करण्याची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात एका शाळेच्या ब्लॉकभोवती ३,१०० मैलांची, म्हणजे जवळपास ५,००० किलोमीटरची रेस होते. तोच फुटपाथ, तेच कुंपण, ५,६४९ फेऱ्या आणि मुदत ५२ दिवस. बदल काय, तर दिशा रोज उलटी करतात. असल्या रेसमध्ये ५,६४९ हा आकडा डोक्यात घेऊन कुणी सकाळी सहाला उभं राहू शकेल असं मला वाटत नाही. पुण्याच्या आशिष कासोदेकर यांनी नोव्हेंबर २०२१ ते जानेवारी २०२२ या काळात ६० दिवसांत ६० मॅरेथॉन पूर्ण केल्या, रोज एक. एकूण अंतर अडीच हजार किलोमीटरच्या वर जातं. तिथेही हिशेब ‘आजची एक’ असाच ठेवावा लागणार. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या माणसाला विचारा, तो पुढच्या मुक्कामाचं नाव सांगेल.

आणि तिसरी पद्धत माझी सगळ्यात लाडकी, कारण ती एकट्याची नाहीच. दक्षिण आफ्रिकेत डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या दोन शहरांमध्ये कॉम्रेड्स मॅरेथॉन होते. नाव मॅरेथॉन असलं तरी अंतर ९० किलोमीटरच्या आसपास. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या विक क्लॅफम यांनी मेलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी ती सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ जण निघाले होते, पोहोचले १६. आता हजारो धावतात आणि दरवर्षी त्यात आपल्या मुंबई-पुण्या-साताऱ्याचेही बरेच चेहरे असतात. पावसाळ्यात कासच्या चढावर घाम गाळणाऱ्या काका-काकूंना विचारलंत तर त्यातल्या कुणाचं तरी उत्तर ‘कॉम्रेड्स’ असेल.

या रेसला १२ तासांची मुदत आहे. बारा तास भरले की एक अधिकारी येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदुकीचा बार काढतो. पाठ अशासाठी की कोण दोन पावलं राहिलं ते त्याला दिसू नये. बार झाला की गेट बंद. ९० किलोमीटर धावून एका सेकंदाने उशीर झाला तरी मेडल नाही. म्हणून तिथे ‘बस’ असते. खरी बस नाही, माणसांची. एखादा अनुभवी धावपटू हातात पाटी घेऊन ‘ड्रायव्हर’ होतो, कुठे धावायचं, कुठे चालायचं ते तोच ठरवतो, आणि मागे शे-दीडशे अनोळखी लोक गाणी म्हणत, एका लयीत चालत-धावत जातात. बसमध्ये चढलात की ‘थांबू का?’ हा प्रश्न तुमच्याकडे उरतच नाही, तो ड्रायव्हरकडे जातो. सबमिशनच्या आदल्या रात्री सगळा ग्रुप एकाच खोलीत जर्नल लिहायला का जमतो, हे आता कळलं?

इथपर्यंत वाचून तुम्ही बूट काढले असतील तर जरा थांबा. दुसरी बाजू राहिली आहे.

रात्र झाली, झोप नाही, साखर कमी, की डोकं भलतंच दाखवायला लागतं. कोर्टनीला एकदा झोपाळ्यात पहुडलेला बिबट्या दिसला होता. ती हे हसत हसत सांगते. बेल्जियमचे कारेल साब हे दंतवैद्य २०२२ मध्ये त्याच लॅझच्या बार्कली नावाच्या महाभयंकर रेसमध्ये इतके भरकटले की कचऱ्याच्या डब्याला माणूस समजून त्याच्याशी बोलत होते. शेवटी पोलिसांनी गाडीत घालून परत आणलं. पुढच्या वर्षी त्यांनी तीच रेस ६० तासांच्या मुदतीत पूर्ण केली, म्हणून आज तो किस्सा म्हणून सांगता येतो.

चीनच्या गान्सू प्रांतातली गोष्ट तशी सांगता येत नाही. २२ मे २०२१, १०० किलोमीटरची डोंगरातली रेस, १७२ धावपटू. उंचावरच्या टप्प्यात अचानक वादळी वारा आणि गारठवणारा पाऊस सुरू झाला. बहुतेकांच्या अंगावर शॉर्ट्स आणि पातळ टी-शर्ट. थंडीने २१ जण गेले. त्यात लिआंग जिंग होते, चीनमधले नावाजलेले अल्ट्रारनर. मनाने कमकुवत म्हणावं असा हा माणूस नव्हता. काही जण मधूनच मागे फिरले आणि वाचले. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या आसऱ्याच्या गुहेत नेऊन शेकोटीजवळ बसवलं, म्हणून ते वाचले. त्या दिवशी तिथे ‘अजून एक किलोमीटर’ म्हणणारं मन कामाचं नव्हतं.

मग फरक ओळखायचा कसा? जुनी धावणारी मंडळी काही खुणा सांगतात आणि डॉक्टरही त्याला दुजोरा देतात. दुखणं एका जागी टोचत असेल आणि पावलागणिक वाढत असेल तर थांबा. बोलताना शब्द अडखळत असतील, आपण कुठे आहोत ते कळत नसेल, थंडीत कुडकुडणं आपोआप थांबलं असेल, लघवी कोकाकोलाच्या रंगाची होत असेल, तर हा विषय डोक्याचा राहिलेला नाही, थेट मेडिकल टेंटमध्ये जा. नुसतं पाणीच पाणी ढोसल्यानेही रक्तातलं सोडियम उतरून माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. आणि पेनकिलर घेऊन धावणं तर अजिबात नको. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आणि डिहायड्रेशन ही जोडी किडनीला महागात पडू शकते. आणि हो, हे सगळं आपलं आपल्याला त्या वेळी कळेलच असं नाही, कारण जे डोकं निर्णय घेणार तेच बिघडलेलं असतं. म्हणून सोबत कुणीतरी हवं, आणि ‘थांब’ म्हटल्यावर त्याचं ऐकायचं हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं.

माझ्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. ‘सगळीकडे दुखतंय, म्हणजे कुठंच नाही.’ काकूंनी दहा सेकंदांत निदान केलं होतं.

त्या १०८ तासांच्या रेसचा शेवट सांगायचा राहिला. दोघेच उरले होते. एक कॅनडाचा इहोर व्हेरीस आणि दुसरे हार्वी लुईस, सिनसिनाटीतले शाळामास्तर, जे रोज शाळेतही धावतच जातात. १०७ फेऱ्या दोघांनी बरोबर केल्या. मग इहोर थांबला. तुम्हाला वाटेल, झालं, हार्वी जिंकले. पण बॅकयार्डचा नियम असा आहे की शेवटच्या माणसाने आणखी एक फेरी एकट्याने, तासाच्या आत पूर्ण करायची. ती झाली नाही तर विजेता कुणीच नाही, सगळेच डीएनएफ. आता समोर हरवायला कुणी नाही. साडेचार दिवसांची झोप डोळ्यांवर. घंटा झाली आणि हार्वी लुईस एकटेच निघाले, १०८व्या फेरीला. तासाच्या आत परत आले.

मी यंदा पुन्हा नाव घातलंय. तीच ५० किलोमीटरची रन, तोच ३६व्या किलोमीटरचा पॉइंट. काकूंचा नंबर मागच्याच वेळी घेतला होता. त्यांना मेसेज करून ठेवलाय, बटाटा उभ्या उभ्याच द्या आणि ती निळी खुर्ची टेबलाच्या मागे ठेवा. त्यांचं उत्तर आलं, ‘‘खुर्ची मोडली गं. या वेळी स्टूल आहे.’’